दोनाचे चार

बुधवारी जुन्या बाजारात
नळाच्या तोट्या आणि बिनकाट्यांची घड्याळं यांच्या मधोमध
हमीद तांबोळीच्या ताडपत्रीवर, साबणाच्या डबीत
तो पडला होता. चार कोअरचा.
कडेला नखाएवढा ओरखडा.
"साडेतीनशे, काकू."
मी पर्समधलं भिंग काढलं.
तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढलेल्या बाईसमोर
माणसं आपणहून खाली येतात.
दोनशे ऐंशी.
"आणि नाही चालला तर?"
"पुढच्या बुधवारी मी इथंच आहे," तो म्हणाला,
"आणि तुम्हीसुद्धा."

भाचा फोनवर म्हणतो, मावशी, नवा घे ना,
हप्त्यावर मिळतो.
मिळतो की. पण नव्याला
स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

धनकवडीत तिसऱ्या मजल्यावर
जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं,
कॅबिनेट आडवं घातलं,
आधी नळाला हात लावला
(अंगातली वीज घालवायला; शेजारच्या निमकरबाईंना वाटतं सोवळं),
आणि पंख्याच्या चार खुंट्या पाव पाव फिरवल्या.
आत पंधरा-सोळा वर्षांची धूळ,
फेल्टसारखी, एका तुकड्यात निघणारी.
जुन्या चिपवरची पेस्ट वाळून
पानाच्या डब्यातल्या चुन्यासारखी झालेली.
स्पिरिट, जुन्या वायलचा तुकडा,
हळूहळू धातू वर आला
आणि त्यात माझं कपाळ.

सॉकेटमध्ये सातशे पंच्याहत्तर पिना.
गहू निवडायची माझी नजर आता गेलीय,
तरी भिंगाखाली एकही वाकडी दिसली नाही.
कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण त्रिकोणाशी जुळवला,
सोडून दिला. आपल्याच वजनाने बसला.
जोर लावायचाच नसतो इथं,
जोर फक्त त्या दांडीला; ती कुरकुरते,
काहीतरी मोडल्यासारखी, दर वेळी,
आणि काही मोडलेलं नसतं.

दोनाचे चार झाले.
माझे झाले नाहीत कधी, याचे झाले,
साधासा मुहूर्त, दुपारी सव्वातीन,
अक्षता म्हणून तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.
पुन्हा दाबलं. काळा.
रॅम काढून पुसून लावली. काळा.
चहा केला, प्यायला विसरले,
बोर्डावरचा सेल काढला, घातला,
हमीदला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले,
आणि मग दिसली ती चार तारांची छोटी पिवळी-काळी वेणी,
जागेवर न लावलेली, बाजूला लोंबत.
मीच काढली होती. मीच.
रिजेक्शन स्लिपवर कारण लिहायचं तर : ऑपरेटर.

पिं.
निळ्या पडद्यावर तारीख : एक जानेवारी दोन हजार आठ.
सेल काढल्यामुळे सगळं विसरून बसलेला.
त्या तारखेला हा घरात आलाच नव्हता,
तो आला पुढच्या दिवाळीच्या बोनसमध्ये,
मी ऑटोकॅड शिकणार होते म्हणून.
अर्धं शिकले.
अधिकची कळ एकदा दाबली की एक वर्ष.
नऊ. दहा. अकरा, बारा, तेरा.
चौदावर बोट थांबलं.
त्या साली आमचं टूलरूम सणसवाडीला गेलं
आणि टूलरूमबरोबर जठार.
डब्यातली लिंबाची फोड रोज माझ्याकडे सरकवायचे,
एवढंच. काही मोजण्यासारखं नाही.
मायक्रोमीटर त्यांच्याकडेच राहिला माझा.
बाहेर कोणीतरी भंगारवाल्याला हाक मारत होतं.
मग पंधरा, सोळा,
आणि पुढची मी न बघता दाबली.

फोन आला तेव्हा साडेसहा झाले होते.
"चालू झाला का, काकू?"
"झाला."
"चारी दिसतात?"
"चारी."
"मग आता काय करणार त्याच्यावर?"
मी पडद्याकडे बघितलं. कर्सर लुकलुकत होता.
जुनी चिप सुईदोऱ्याच्या डब्यात, कापसावर.
"हमीद," मी म्हटलं,
"दोन जीबीची रॅम कशी दिली?"